केसांचा रंग निवडताना त्वचेलाही विचारा

तुळशीचे लग्न लागले, की आमच्या दवाखान्यात दोन तऱ्हेचे पेशंट वाढतात. एक पंगतीत जेवून पोट बिघडलेले आणि दुसरे पापण्या सुजलेले. पापण्या सुजलेल्या पेशंटला मी डोळ्यांबद्दल नंतर विचारतो. ‘केसांना काय लावले होते?’ हा माझा पहिला प्रश्न असतो. बहुतेकांचे उत्तर ठरलेले: परवा डाय लावला होता. पूर्वी हे पेशंट चाळिशी-पन्नाशीचे असत. अलीकडे त्यांत विशी-पंचविशीच्या मुलीही दिसू लागल्या आहेत, कारण ‘बालायाज’ नावाचा प्रकार आता तालुक्याच्या पार्लरपर्यंत येऊन पोहोचला आहे. आपल्या काळ्याभोर केसांवर आणि गव्हाळ-सावळ्या वर्णावर हा रंग शोभेल का आणि त्याने काही अपाय होईल का, असे दोन्ही प्रश्न वाचक भगिनी एकाच दमात विचारतात. शोभण्याचा प्रश्न डॉक्टरला कशाला, असे कोणी म्हणेल. पण केस काळे का आणि कातडी सावळी का, या दोहोंचे उत्तर मेलॅनिन या एकाच रंगद्रव्यात आहे. म्हणून दोन्ही प्रश्न एकत्रच घेऊ.

बालायाज हा फ्रेंच शब्द. अर्थ झाडल्यासारखा हात फिरवणे. १९७० च्या दशकात पॅरिसमध्ये ही पद्धत रूढ झाली. यात सगळे डोके रंगवीत नाहीत. ब्रशने हातानेच केसांच्या मधल्या भागापासून टोकांकडे फिक्या छटा ओढतात. मुळाशी मूळचा काळा रंग तसाच राहतो. उन्हात हिंडून केसांची टोके तांबूस व्हावीत तसा परिणाम साधायचा असतो. केस वाढले तरी भांगात पांढरी किंवा काळी रेघ उमटत नाही, त्यामुळे दर महिन्याला पार्लर गाठावे लागत नाही. डॉक्टर म्हणून मला यातली एक गोष्ट पसंत आहे: रसायन टाळूला फारसे लागत नाही. संपूर्ण डोक्याला मुळापासून डाय चोपडण्यापेक्षा हा प्रकार त्या मानाने सौम्य, हे मान्य करायला हवे.

आता केसाची रचना थोडी समजून घ्या. टाळूबाहेर दिसणारा केस हा निर्जीव असतो. जिवंत असते ते कातडीखालचे मूळ. केसावर माशाच्या खवल्यांसारखे पातळ कवच असते आणि आतल्या जाड थरात मेलॅनिनचे कण असतात. हे मेलॅनिन दोन प्रकारचे. एक काळे-तपकिरी, दुसरे तांबूस-पिवळे. आपल्या केसांत पहिल्याचे प्रमाण फार मोठे. पार्लरमध्ये केसांच्या गडदपणाची १ ते १० अशी पट्टी असते: १ म्हणजे कुळकुळीत काळा, १० म्हणजे अगदी फिका सोनेरी. आपल्याकडचे बहुतेक केस १ ते ३ मध्ये बसतात.

काळ्या केसावर फिका रंग नुसता लावून दिसत नाही. काळ्या पाटीवर पिवळ्या पाण्याने लिहिल्यासारखे ते होते. म्हणून आधी ब्लीच करून मूळचे मेलॅनिन फोडावे लागते. पार्लरमधल्या पुड्यांवरचे रंगीत केसांचे नमुने पाहून पुष्कळजणी फसतात त्या इथेच. ते नमुने पांढऱ्या किंवा ब्लीच केलेल्या धाग्यांवर केलेले असतात.

ब्लीचमध्ये पर्सल्फेट नावाच्या क्षारांची पूड आणि हायड्रोजन पेरॉक्साइड असते. डब्यावर २०, ३०, ४० व्हॉल्यूम असे आकडे दिसतात. त्यांचा अर्थ पेरॉक्साइड अनुक्रमे ६, ९ आणि १२ टक्के. ब्लीचने काळे मेलॅनिन आधी फुटते आणि तांबूस-पिवळे चिवटपणे मागे राहते. म्हणून आपला केस एकदम सोनेरी कधीच होत नाही. तो आधी तांबडा, मग नारिंगी, मग पिवळट अशा पायऱ्या चढतो. अर्ध्यात थांबलात तर डोके पितळेच्या घासलेल्या तांब्यासारखे दिसते. ते झाकण्यासाठी वर ‘टोनर’ लावतात. निळसर टोनर नारिंगी मारतो, जांभळट टोनर पिवळा मारतो. पण टोनर चार-सहा आठवड्यांत धुऊन जातो आणि खालची नारिंगी छटा पुन्हा डोके वर काढते. फोटोतला रंग आणि दिवाळीनंतरचा रंग यांत फरक पडतो तो यामुळे. त्यात पार्लरवालीचा दोष असतोच असे नाही.

यातूनच निवडीचा पहिला नियम निघतो. आपल्या मूळ रंगापेक्षा तीन-चार पायऱ्यांहून अधिक वर चढू नका. काळ्या केसाला कॉफी, चॉकलेट, तांबूस तपकिरी किंवा फार तर कॅरामेल, म्हणजे जळवलेल्या साखरेचा रंग, इथपर्यंत ब्लीच कमी लागते आणि पुढे नारिंगी उमटली तरी ती त्या छटेत सामावून जाते. राखाडी, चंदेरी किंवा फिकट सोनेरी हवा असेल तर काही आठवड्यांच्या अंतराने दोन-तीनदा ब्लीच करावे लागते. एकाच बैठकीत ‘करून देतो’ म्हणणाऱ्याच्या खुर्चीवरून उठावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

वर्णाचे काय? अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञ फिट्झपॅट्रिक यांनी १९७५ मध्ये ऊन लागल्यावर कातडी भाजते की रापते यावरून त्वचेचे प्रकार पाडले. आज ते सहा मानतात. आपण बहुतेक चौथ्या-पाचव्या प्रकारात येतो. अशी त्वचा लवकर भाजत नाही, पण डाग धरून ठेवते. हे शेवटचे वाक्य लक्षात असू द्या, पुढे त्याचे काम पडणार आहे. सौंदर्यतज्ज्ञ मंडळी त्वचेच्या वरच्या रंगाखाली एक पिवळसर किंवा गुलाबी-निळसर झाक पाहतात. मनगटावरच्या शिरा हिरव्या की निळ्या, यावरून ती ओळखा असे सांगतात. सावळ्या हातावर शिरा धड दिसतच नाहीत, त्यामुळे ही परीक्षा आपल्याकडे फारशी उपयोगाची नाही. त्यापेक्षा सकाळच्या उजेडात, तोंडाला पावडर न लावता, एकदा पांढरेशुभ्र आणि एकदा दुधाळ-पिवळट कापड गळ्याशी धरून आरशात पाहा. पिवळट कापडाने चेहरा उजळला तर मधाळ, तांबूस, कॅरामेल छटा बऱ्या दिसतील. शुभ्र कापडाने उजळला तर गडद चॉकलेट, वाइनसारखी लालसर-जांभळी किंवा थंड तपकिरी छटा पाहावी. ट्यूबलाइटच्या उजेडात निर्णय घेऊ नये.

सावळ्या मुलींनी एवढे पाहावे, की केस फार फिके केल्यास चेहरा आहे त्याहून मातकट दिसतो. याउलट गडद तांबूस आणि कॉफीच्या छटा सावळ्या वर्णावर फार छान खुलतात. गालांवर वांग असेल तर चेहऱ्यालगतच्या बटा फिक्या करू नयेत, डाग अधिक उठून दिसतात. मुरमांची लाली असेल त्यांनी लालभडक छटा टाळावी. हे सारे नजरेचे हिशोब आहेत, शास्त्राचे नव्हेत. एखादीला शोभेल तर शोभेल. मात्र ‘केस फिके केले की आपण गोऱ्या दिसू’ या आशेने कोणी खुर्चीत बसू नये. ती आशा पुरी होत नाही आणि तिची गरजही नाही.

आता दवाखान्याकडे वळू. पर्मनंट डायमध्ये, विशेषतः काळ्या आणि गडद तपकिरी डायमध्ये, पॅराफेनिलीनडायअमाइन नावाचे रसायन असते. थोडक्यात पीपीडी. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ यूजीन श्युलर यांनी १९०७ मध्ये केसांचा कृत्रिम डाय बाजारात आणला. आजच्या डायचे मूळ तेच कुळ. पीपीडीचे कण बारीक असल्याने केसात शिरतात, तिथे पेरॉक्साइडशी संयोग पावून फुगतात आणि बाहेर पडू शकत नाहीत. रंग टिकतो तो त्यामुळे. पण हेच बारीक कण कातडीतही शिरतात आणि काही माणसांच्या शरीराला ते शत्रू वाटतात.

ही ॲलर्जी मोठी फसवी आहे. ‘डॉक्टर, पंधरा वर्षे हाच डाय लावते, कधी काही झाले नाही,’ असे ऐकले की मी मान हलवतो, कारण बहुतेकदा असेच घडते. शरीर वर्षानुवर्षे सहन करते आणि एके दिवशी बिथरते. एकदा बिथरले की ते पुन्हा सहसा विसरत नाही. लक्षणे लगेच येत नाहीत; काही तासांपासून दोन-तीन दिवसांनी येतात. टाळूची कातडी जाड, म्हणून तिथे नुसती खाज. त्रास खरा होतो तो पापण्या, कानांच्या पाळ्या, कपाळ आणि मान यांना. गेल्या लग्नसराईत एका मुलीला तिची आत्या हळदीच्या दिवशी सकाळी घेऊन आली. दोन्ही डोळे मिटलेले, कानांतून पाणी झिरपत होते. आदल्या दोन दिवसांपूर्वी बालायाज केले होते. ब्लीचमध्ये पीपीडी नसते, पण वरच्या टोनरमध्ये त्याच कुळातले रसायन होते. शिवाय ‘मधले केस आणखी काळे दिसावेत’ म्हणून मुळांना काळा डाय लावला होता. औषधांनी सूज चार-पाच दिवसांत उतरली. तोवर लग्न होऊन गेले होते.

निदान ती मुलगी सुजल्यामुळे दवाखान्यात तरी आली. माझ्या मते आपल्या वर्णाच्या माणसांना त्याहून मोठा धोका वेगळाच आहे, आणि तो पार्लरमध्ये कोणी सांगत नाही. काही जणांत ही ॲलर्जी सूज-खाज न आणता गुपचूप येते आणि नुसता काळेपणा मागे ठेवते. कपाळाची कड, कानशिले, कानांमागचा भाग, मान. तिथली कातडी हळूहळू करडी-तपकिरी होत जाते. पेशंटला वाटते ऊन लागले, कोणी म्हणते पोट साफ नाही, कोणी लिव्हरची तपासणी करून घेते. निवृत्त शिक्षक असलेले एक गृहस्थ वर्षभर निरनिराळी गोरेपणाची क्रीमे चोळीत होते आणि दर पंधरा दिवसांनी डायही लावीत होते. डाय बंद केल्यावर काळेपणा कमी व्हायला कित्येक महिने गेले आणि तो पुरता गेला नाही. गोऱ्या कातडीवर अशा वेळी लाली येते आणि जाते. आपली कातडी मेलॅनिन खोलवर सांडून बसते. क्वचित याच्या उलटेही होते. डाय लागला त्या जागी पांढरे चट्टे पडतात. म्हणून घरात कोणाला कोड असेल, तर डायच्या बाबतीत दुप्पट सावध असावे.

यावर उपाय म्हणजे चाचणी. डब्यातल्या कागदावर ती छापलेली असते आणि बहुधा कागदाबरोबर केरात जाते. कागदावर सांगितल्याप्रमाणे थोडासा रंग कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर लावा, वाळू द्या आणि ४८ तास तिथे पाणी लावू नका. खाज, लाली, फोड, काहीही आले तर तो डाय आपला नव्हे. चाचणी दर वेळी करायची, कंपनी तीच असली तरी. बालायाज करताना ब्लीच, टोनर आणि मुळांचा रंग या तिन्हींविषयी पार्लरमध्ये विचारा आणि टोनरची व रंगाची चाचणी मागा. लग्नाच्या आदल्या आठवड्यात नवा प्रयोग करूच नये. निदान महिनाभर आधी करावा. ज्यांना एकदा त्रास झाला आहे त्यांनी मात्र ही घरगुती चाचणी करू नये. त्यांच्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ पाठीवर पट्ट्या लावून पॅच टेस्ट करतात आणि ४८ व ९६ तासांनी ती पाहतात.

‘आम्ही तर हर्बलच वापरतो,’ असे अनेकजणी अभिमानाने सांगतात. मेंदीच्या पानातले रंगद्रव्य लॉसोन; ते केसाला नारिंगी-तांबडा रंग देते, काळा कधीच देत नाही. जी मेंदी अर्ध्या तासात केस काळे करते, तिच्यात पीपीडी मिसळलेले असण्याचा दाट संभव. पाकिटावर पाने-फुले काढलेली असली तरी मागची बारीक अक्षरे वाचा. ‘अमोनिया नाही’ असे ठळक छापलेल्या डायचेही तसेच. अमोनिया गेला म्हणजे वास गेला, पीपीडी गेले असे नव्हे. आणखी एक महत्त्वाची गोष्ट. काही मेंद्यांत धातूंचे क्षार मिसळलेले असतात. अशा केसांवर ब्लीच पडले की ते तापते, केस वितळल्यासारखे तुटतात आणि टाळूही भाजू शकते. मेंदीबरोबर नीळ वापरली असेल तर केस हिरवट होऊ शकतात. तेव्हा गेल्या दोन-तीन वर्षांत मेंदी लावली असेल तर पार्लरमध्ये ते लाजून लपवू नका. मानेजवळची एक बट आधी करून पाहायला सांगा. रिबॉन्डिंग केलेल्या केसांवर तर ब्लीच नकोच.

टोकांचा विचार कोणी करीत नाही. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे साठ सेंटिमीटर लांब वेणीचे टोक पाच वर्षांचे जुने असते. पाच वर्षांचे ऊन, बोअरचे जड पाणी, रबरबँड आणि कंगवा त्याने सोसलेला असतो, आणि बालायाजचे सर्वांत जास्त ब्लीच नेमके त्याच टोकांवर पडते. म्हणून आधी फाटलेली टोके कापून घ्यावीत. ब्लीचने केसाचे खवले उचकटतात, तो पाणी जास्त शोषतो आणि ओला असताना सहज तुटतो. ओल्या केसांत बारीक फणी घालू नये. आपल्या आजीचा खोबरेल तेलाचा उपाय इथे खरोखर कामाचा आहे. २००३ मध्ये मुंबईतील संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना करून दाखवले, की केसातील प्रथिनांची गळती फक्त खोबरेल तेलाने कमी होते. नहाण्यापूर्वी काही तास ते लावावे. शक्य असल्यास शेवटचे पाणी बोअरचे न घेता पिण्याच्या गोड पाण्याचे घ्यावे. जड पाण्यातले क्षार केसावर बसून रंग मळकट करतात.

रंगाने उरलेले केस पांढरे होतात, हा समज चुकीचा आहे. रंग मुळापर्यंत जाऊन मेलॅनिन बंद करीत नाही. मात्र पंचविशीच्या आत केस पांढरे होत असतील तर डाय शोधण्याआधी रक्तातील बी-१२, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. शुद्ध शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता वारंवार आढळते आणि तिच्यावरचा उपचार स्वस्त आहे.

कॅन्सरची भीती अनेकांच्या मनात असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेने केशरचना करणाऱ्यांचा धंदा ‘बहुधा कर्ककारक’ या गटात ठेवला आहे. स्वतःच्या केसांना डाय लावणाऱ्यांबद्दल मात्र निष्कर्ष काढण्याइतका पुरावा नाही, असे म्हटले आहे. अमेरिकेतील एक लाख सतरा हजारांवर परिचारिकांचा छत्तीस वर्षे पाठपुरावा केलेला अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. बहुतेक कॅन्सरांचा संबंध त्यात आढळला नाही. स्तनाच्या काही प्रकारांत आणि बीजकोशाच्या कॅन्सरमध्ये किंचित वाढ दिसली. त्या स्त्रिया प्रामुख्याने गोऱ्या होत्या, हेही ध्यानात घ्यावे. वर्षातून एक-दोनदा रंग लावणाऱ्यांनी झोप उडवून घेऊ नये. काळजी करायची तर पार्लरमध्ये दिवसभर विनाहातमोजे काम करणाऱ्या मुलींची करा. ब्लीचच्या पुडीतील पर्सल्फेटमुळे त्यांना दमा जडू शकतो. खोलीला खिडकी आणि हाताला मोजे एवढे तरी मालकिणीने पाहावे. दम्याच्या पेशंटनेही बंद खोलीत ब्लीच करून घेऊ नये.

गरोदरपणात पहिले तीन महिने रंग टाळावा. त्यानंतर टाळूला न लागणारा बालायाज केला तर आक्षेप नाही. टाळूवर जखम, फोड किंवा इसब असेल तर ते बरे होईपर्यंत थांबा. भुवयांना आणि पापण्यांना डाय कधीही लावू नये. मिशीला लावणाऱ्या पुरुष मंडळींनीही हे वाचावे. ओठावरची कातडी फार नाजूक असते. डायची पाकिटे मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवा. पीपीडी पोटात गेल्यास घसा सुजून श्वास कोंडतो, स्नायू आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. अशा वेळी घरी मिठाचे पाणी पाजत बसू नये, तडक मोठे इस्पितळ गाठावे.

रंग लावताना आग होऊ लागली तर ‘थोडी सोसा’ हे ऐकू नका. लगेच कोमट पाण्याने आणि सौम्य शाम्पूने भरपूर धुवा. डोळ्यात गेल्यास पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याची धार धरा. नंतर सूज आली तर गार पाण्याच्या घड्या ठेवाव्यात. हळद, लिंबू, टूथपेस्ट यांतले काही लावू नये. मेडिकलमधून विचारून आणलेली स्टिरॉइड मिसळलेली मलमे तोंडाला चोळू नका, ती पुढे मुरमे आणि काळेपणा वाढवतात. ओठ-जीभ सुजली, आवाज बसला किंवा धाप लागली तर रात्र असली तरी इस्पितळात जा. ज्यांना पीपीडीची ॲलर्जी ठरली आहे त्यांनी सणावारी काढतात ती ‘काळी मेंदी’ हातावर घेऊ नये. बधिर करण्याच्या काही औषधांशी आणि काही सल्फा गोळ्यांशीही हे रसायन नाते सांगते, म्हणून दात काढताना किंवा टाके घालताना डॉक्टरांना ही ॲलर्जी आधी सांगावी. आणि दवाखान्यात येताना डायचे रिकामे खोके, टोनरची बाटली, जे हाती लागेल ते पिशवीत घालून आणावे. ‘ते लाल डब्यातले होते’ यावरून आम्हाला काही कळत नाही.